बाई, मग मी काय करू?

मी पेडगावची सून. परभणी-मानवत रस्त्यावरचं, मनमाडच्या रेल्वेमार्गावर स्टेशन असलेलं हे गाव. बाहेरगावच्या हायस्कुलात मी तेवीस वर्षं विज्ञान शिकवलं. २०१४च्या फेब्रुवारीअखेरीस सुरू झालेली आणि मार्चातही थांबायचं नाव न घेणारी गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. आमचा गहू आडवा झाला, हरभऱ्याचे घाटे फुटून मातीत गेले. शेतातल्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीआड साचलेल्या गारा दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिल्या तरी तशाच होत्या. सासरे गंजीजवळ उभे होते. म्हणाले, "पोरांना वारं-पाऊस शिकवतीस ना? मग हे आधी कळत न्हाई का?"

कळलं होतं. दोन दिवस आधी पेपरात गारांचा अंदाज मी स्वतः वाचला होता. तो आमच्या शेताबद्दल आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून जमेल तसं मी अंदाज गावापर्यंत आणते आहे. कधी मारुतीच्या पारावरच्या भोंग्यावरून, कधी मोबाईलवरच्या गावाच्या ग्रुपवर, कधी बचत गटाच्या बैठकीत. त्यातून जे उमगलं ते इथं लिहिते.

१. "तुरळक" हा शब्द जसाच्या तसा सांगू नये

हवामान खात्याच्या पत्रकात वाक्य असतं, "तुरळक ठिकाणी जोरदार ते अति जोरदार पावसाची शक्यता." मी ते भोंग्यावरून जसंच्या तसं वाचायची. ऐकणाऱ्याच्या कानात "तुरळक" राही आणि तो म्हणे, चला, शिंतोडे पडतील, कापूस वेचून घेऊ.

पत्रकातला "तुरळक" पावसाबद्दल नसतो, जागेबद्दल असतो. त्या भागातल्या फार तर पाव हिस्सा ठिकाणी पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत, त्यापुढे जवळपास सगळीकडे. "जोरदार" हाही मोजून वापरलेला शब्द आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६पासून अति जोरदार आणि २०४.५च्या वर गेला तर अत्यंत जोरदार. म्हणजे "तुरळक ठिकाणी अति जोरदार" हे वाक्य फार गंभीर आहे. पडेल एखाद्याच गावात, पण ज्या गावात पडेल तिथला ओढा पात्रात राहणार नाही.

आता मी असं सांगते: "पेडगाव, जांब, झरी, सिंगणापूर ही चार महसूल मंडळं धरा. यातल्या एखाद्यात आज रात्री ओढ्याला पूर येईल एवढा पाऊस पडू शकतो. कोणत्या, ते आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून चौघांनीही तयारी करा." हे गावाला लगेच समजतं. बैलाच्या एका शिंगावर पाऊस पडतो आणि दुसरं कोरडं राहतं, हे म्हातारी माणसं आधीपासून सांगतच होती. शास्त्र त्याहून वेगळं काही म्हणत नाही, फक्त शब्द वेगळा वापरतं.

२. वादळाचं नाव सांगू नये, नुकसान कशानं होणार ते सांगावं

२६ सप्टेंबर २०२१च्या संध्याकाळी "गुलाब" चक्रीवादळ आंध्रातलं कलिंगपट्टणम आणि ओडिशातलं गोपाळपूर यांच्यामध्ये किनाऱ्याला धडकलं. टीव्हीवर लाटा आणि वाकलेली नारळाची झाडं. इथं सोयाबीन काढणीला आलेलं, निम्म्या गावाचं कापून शेतात पडलेलं. मी भोंग्यावरून सांगितलं, "गुलाब चक्रीवादळाचा परिणाम आपल्याकडं होणार आहे, सर्वांनी सावध राहावं."

सगळे सावध राहिले. पत्र्यांवर दगड ठेवले, दारं-खिडक्या बांधल्या, जनावरं झाडांपासून लांब बांधली. मग वाऱ्याची वाट बघत बसले. वारा आलाच नाही. जमिनीवर आलेल्या चक्रीवादळाला समुद्राची ऊब मिळत नाही, त्याचा वारा लवकर पडतो. पण सोबत आणलेलं बाष्प तसंच असतं आणि ते वाटेत रिकामं होत जातं. २७ आणि २८ सप्टेंबरला त्या उरलेल्या कमी दाबानं सगळा मराठवाडा झोडपला. तिकडं मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, काठची गावं पाण्यात गेली. तीच प्रणाली पुढं अरबी समुद्रात उतरली, तिथं पुन्हा जोर धरला आणि "शाहीन" झाली.

आमच्या भावकीतले एक दीर तिसऱ्या दिवशी ओसरीवर येऊन बसले. सोयाबीनचा ढीग त्यांनी ओढ्याकडच्या सखल तुकड्यात घातला होता. त्यातल्या मूठभर शेंगा घेऊन आले होते. शेंगांतच कोंब फुटलेले. त्या त्यांनी माझ्यापुढं ठेवल्या. "वहिनी, तुम्ही वादळ म्हन्लात. म्या पत्र्यावर दगडं ठिवले. ढीग उचलून वर आणा असं म्हन्ला असता तर रातीतून आणला असता."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. माझ्या वाक्यात चुकीचं काही नव्हतं. फक्त त्यांना काय करायचं ते त्या वाक्यात नव्हतं. त्या दिवसापासून मी कोणताही इशारा आधी स्वतःला वाचून दाखवते आणि ऐकणाऱ्याच्या जागी बसून विचारते, "बाई, मग मी काय करू?" याचं उत्तर वाक्यात सापडेपर्यंत भोंगा हातात घेत नाही. वारा की पाणी की वीज की गार, यातलं काय येणार आणि त्यासाठी आज सूर्य मावळायच्या आत कोणतं काम उरकायचं, एवढंच सांगते. वादळाचं नाव ज्याला हवं तो टीव्हीवर बघतो.

३. मिलिमीटर गावाला कळतात, पण आपल्याच मापानं

पासष्ट हा आकडा इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मंडळातल्या यंत्रावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटर नोंदला गेला तर अतिवृष्टी धरतात, आणि पंचनामे-अनुदानाची सगळी चर्चा त्या आकड्यावर चालते. म्हणून "१३०" म्हणण्याऐवजी मी "अनुदानाच्या पावसाच्या दुप्पट" म्हणते.

दुसरं माप टँकरचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरात चार हजारांवर चौरस मीटर. म्हणजे ६५ मिलिमीटर पावसात एका एकरावर दोन लाख साठ हजार लिटरच्या वर पाणी पडतं, दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. ज्या बायकांनी २०१६च्या उन्हाळ्यात टँकरमागं हंडे घेऊन धाव घेतली, त्यांना सव्वीस टँकर म्हणजे किती हे सांगावं लागत नाही. त्यातल्या एकीनं लगेच विचारलं होतं, "आन् वरच्या पन्नास एकराचं पानी माझ्याच वावरातून जातं, त्याचं काय?" पाणलोट हा शब्द मी पोरांना तेवीस वर्षं शिकवला. इतक्या नेमकेपणानं तो मला कधी मांडता आला नव्हता.

४. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला इशारा द्यावा

विजेबद्दल हे मला फार उशिरा कळलं. आपल्या देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांवर माणसं मरतात. मराठवाड्यात एप्रिल-मे-जूनचा वळीव आणि परतीचा पाऊस या दोन वेळा सगळ्यात वाईट, आणि दोन्ही वेळा शेतात माणसं असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं "दामिनी" ॲप काढलं. आपल्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत विजा पडताहेत का, ते त्यात दिसतं. मी गावातल्या पोरांच्या मोबाईलवर ते घालून दिलं आणि काम झालं असं समजले.

मग एका दुपारी खुरपणीच्या बायकांत गेले. आठ जणी आठ पातींवर. पश्चिमेकडून आभाळ काळं येत होतं. मी म्हटलं, अगं वीज येतेय, चला. त्या हसल्या नाहीत, उठल्याही नाहीत. एक म्हणाली, "बाई, पात अर्धी सोडली तर रोज कोन देईल?" मोबाईल मुकादमाकडं होता, मुकादम बांधाच्या पलीकडं, आणि काम थांबवायचा अधिकार मालकाचा. मालक परभणीला.

मी ज्यांना सावध करत होते त्यांना हलायची मुभाच नव्हती. पुढच्या बैठकीत बचत गटानं गावातल्या मालकांशी बोलून ठरवून घेतलं: विजेमुळं काम थांबलं तर रोज पुरा द्यायचा. सगळ्यांनी ऐकलं असं नाही, पण बऱ्याच जणांनी ऐकलं. आता दामिनीवर काही दिसलं की मी पहिला फोन मालकाला करते.

ॲप नसलं तरी चालतं. वीज चमकली की मोजायला लागायचं. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर कापतो. तीस मोजायच्या आत गडगडलं तर काम सोडून निघायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत शेतात पाऊल टाकायचं नाही. झाडाखाली नको हे सगळे सांगतात, पण मग कुठं, हे कुणी सांगत नाही. पक्क्या घरात, देवळाच्या पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. चारी बाजूंनी उघडा पत्र्याचा मांडव हा आसरा नव्हे. काहीच नसेल तर झाडापासून आणि एकमेकींपासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. आणि हे मी प्रत्येक बैठकीत सांगते: वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावा, श्वास बघा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ला फोन करा. हात लावायला भिऊन लोक भोवती उभे राहतात आणि जगू शकणारा माणूस जातो.

५. देशाची टक्केवारी गावात आणू नये

जून ते सप्टेंबर देशभराची पावसाची सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पडला की तो "सर्वसाधारण" पाऊस. २०१७ साली अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. लोकांनी पेरलं, मग मराठवाड्यात पावसानं मोठी ओढ दिली. त्या जुलैत माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. पेपरात ती गंमत म्हणून छापली गेली, याचं मला वाईट वाटलं. त्यांचं बियाणं मातीत गेलं होतं. सगळ्या देशाची सरासरी आपल्या वावराचा भरवसा म्हणून त्यांच्यापर्यंत पोचली, हा दोष त्यांचा नव्हता.

मी हंगामाचा टक्का सांगतच नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं तेच सांगते: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल जाईपर्यंत पेरू नका. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात आला आणि मेमध्येच इथं शेतं भिजली, तेव्हाही हेच सांगत राहिले.

६. चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याच पारावर जावं

एका ऑक्टोबरात मी सांगितलं, उद्या दुपारनंतर पाऊस, मळणी आजच उरका. माझ्या चुलत सासऱ्यांनी दुप्पट मजुरी देऊन माणसं लावली, रात्री मळणीयंत्र चालवलं. दुसऱ्या दिवशी कडक ऊन. पाऊस साठ-सत्तर किलोमीटर दक्षिणेला पडला.

त्या सकाळी घराबाहेर पडावंसं वाटत नव्हतं. तरी भोंगा हातात घेतला. "काल सांगितलेला पाऊस आपल्याकडं आला नाही, ढग दक्षिणेला सरकले. ज्यांनी जादा मजुरी दिली त्यांचं नुकसान माझ्या सांगण्यावरून झालं, मला त्याचं वाईट वाटतं." चुलत सासरे काही बोलले नाहीत. पण पुढच्या खेपेला अंदाज विचारायला पहिले तेच आले.

मी एक वही ठेवली आहे. एका रकान्यात काय सांगितलं, दुसऱ्यात काय झालं. ती पारावर उघडीच असते. दहापैकी किती वेळा बरोबर आलं, हे ज्याला बघायचं त्यानं मोजावं. "शक्यता ६० टक्के" याचा अर्थ मी कितीदा समजावला, पण तो कळला वहीवरून.

७. लोक ज्याचं ऐकतात, तो कसं बोलतो ते ऐकावं

आमच्याच जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख हे अंदाज सांगतात आणि सगळा महाराष्ट्र ते ऐकतो. त्यांच्या पद्धतीवर हवामानशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत आणि माझंही मत शास्त्रज्ञांच्या बाजूनं आहे. दोन आठवड्यांपलीकडं अमक्या तारखेला अमक्या गावात पाऊस, असं आजचं शास्त्र सांगू शकत नाही. वातावरणातला बारीक फरक दिवसागणिक मोठा होत जातो आणि तेवढ्या काळात आधीचं गणित पुसून टाकतो.

पण माझ्या सासूबाई त्यांचं का ऐकतात, हे मी बसून ऐकलं. ते शेतकऱ्याला हाक मारून सुरुवात करतात, भागांची नावं घेतात आणि काढणी करा, झाकून ठेवा असं काम सांगतात. विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा हवामान सल्ला जास्त भरवशाचा आहे, पण सासूबाईंना तो कुणीतरी वाचून दाखवावा लागतो. मग मी तो वाचून दाखवायला लागले, हाक मारून, गावांची नावं घेऊन. त्या आता दोन्ही ऐकतात.

८. नक्षत्रांची चेष्टा करू नये

नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून त्यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच येतात. मृग ७-८ जूनला, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमाराला. पिढ्यान्‌पिढ्यांचं ऋतूचं निरीक्षण त्या कॅलेंडरात साठलेलं आहे. नक्षत्राचं वाहन कोल्हा की बेडूक यावर पाऊस ठरत नाही, हे मी विचारलं तर सांगते. पण "हस्त लागला, आता दुपारनंतरच्या विजा सांभाळा" असं म्हटलं की मला तारीख सांगावी लागत नाही.

९. "हे हवामान बदलामुळं झालं का?" याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देऊ नये

प्रत्येक मोठ्या पावसानंतर हा प्रश्न येतो. मी म्हशीचं उदाहरण देते. एक दिवस म्हशीनं दूध कमी दिलं तर कारणं शंभर असतात: वैरण, ऊन, माशा. पण वेतामागून वेत दूध कमी होत गेलं तर काहीतरी मुळात बदललं. एक दिवसाचा पाऊस म्हणजे हवा, वेतामागून वेताचा हिशेब म्हणजे हवामान.

तो हिशेब मांडलेला आहे. "दामिनी" काढणाऱ्या पुण्याच्या त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्रावरून ते बाष्प लोटालोटानं येतं आणि थोड्या वेळात रिकामं होतं. मधले दिवस कोरडे जातात. पाऊस तेवढाच, पण धड पिकालाही नाही आणि विहिरीलाही नाही, अशी आमच्या लोकांची जी तक्रार आहे, ती मला या अभ्यासाजवळ जाणारी वाटते. म्हणून मी म्हणते: हा एक पाऊस कशामुळं झाला ते लगेच सांगता येत नाही, पण असे पाऊस वाढलेत, आणि ते आपल्या नातवंडांच्या काळातही येत राहणार. ओढ्याकाठच्या सखल तुकड्यात ढीग घालायची सवय आता मोडावी लागेल.

१०. सणवार बघून सांगावं

२ सप्टेंबर २०२४ला पोळा होता. आदल्या दिवशी खांदेमळण. नेमका त्याच दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडला फार मोठ्या पावसाचा इशारा आला. मी पत्रक हातात घेऊन बसले आणि विचार केला, उद्या सकाळी गाव काय करणार? बैल धुणार. कुठं? ओढ्यावर.

संध्याकाळी भोंग्यावर पावसाचा आकडा सांगितलाच नाही. "दादांनो, मामांनो, उद्या बैल ओढ्यावर नेऊ नका. घरच्या हौदावर, हापशावर धुवा. आज रात्री ओढ्याकडच्या आखाड्यावर कुणी झोपू नका, जनावरं अंधार पडायच्या आत गावात आणा. वैरण उंचावर ठेवा." तीन वेळा सांगितलं, मधे पाच-पाच मिनिटं थांबून.

अंधार पडता पडता दारात घुंगरं वाजली. शेंगा घेऊन आलेले तेच दीर, दोन बैल, एक गाय, वासरू. बैलांच्या खांद्यांवर तूप-हळद अजून ओली होती. त्यांनी बैल आमच्या अंगणात बांधले आणि ओसरीवर घोंगडी टाकली. रात्रभर पाऊस होता. पत्र्यावरच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

सकाळी साडेआठला मी गच्चीवर ठेवलेला पर्जन्यमापक बघायला गेले. आतलं पाणी मोजनळीत ओतायचं, आकडा लिहायचा, नळी रिकामी करायची, पुन्हा भरायची. शेजारची आठवीतली पोर छत्री धरून वहीत रेघा मारत होती. खाली ओढा रस्त्यावर आलेला दिसत होता.

दीर जिन्यात येऊन उभे राहिले. "वहिनी, अजून हाय का?"

मी मोबाईल बघितला. "दुपारपर्यंत आहे. बैल इथंच राहू द्या. पोळा अंगणातच करू."

ते खाली गेले आणि हौदावरची बादली उचलली.